काच धुरकट झालीय

हॉस्पिटलात तिला सगळे प्लास्टरताई म्हणत. डॉक्टर म्हणत, आया म्हणत, आणि हातपाय मोडून आलेली माणसं तर पहिल्याच दिवसापासून म्हणायला लागत. नोकरीची सगळी वर्षं तिनं एकाच खोलीत काढली. एक उंच टेबल, एक खोल सिंक, पांढऱ्या भुकटीनं कायमची मळलेली फरशी आणि खिळ्याला अडकवलेली प्लास्टर कापायची विजेची करवत, एवढाच त्या खोलीचा संसार. करवत घुर्रकन सुरू झाली की भलेभले बाप्ये डोळे मिटून घेत. ताई आधी ती आपल्याच तळहातावर टेकवून दाखवायची. "बघा. कडक असेल तेवढंच कापते ही. मऊ लागलं की नुसत्या गुदगुल्या करते." मग घरची चौकशी करत, पोराबाळांची नावं विचारत ती प्लास्टर उकलायची. आतून निघालेला पांढराफटक, वाळका हात बघून माणूस हिरमुसला, की म्हणायची, "अंधारात होता बिचारा. ऊन लागू दे, येईल ताळ्यावर."

या कामाला ती लागली तीसुद्धा भावामुळे. आई लवकर गेलेली, आबा दिवसभर कामावर, आणि भाऊ तिच्याहून बराच लहान, अंगात नुसती वळवळ. त्याला सगळे बाळ्या म्हणत. एकदा बाळ्या कुंपणाच्या भिंतीवरून पडला आणि मनगट मोडून घेतलं. ताईनं त्याला पाठुंगळी मारून हॉस्पिटल गाठलं. प्लास्टर घालेपर्यंत तिनं त्याला असं धरलं, की तो रडला भरपूर पण हलला नाही. तिथला म्हातारा प्लास्टरवाला तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "पोरी, आवळतही नाहीस आणि सोडतही नाहीस. असं धरणं शिकवून येत नाही. कामाला येतेस का?" ती गेली, आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिली. मधे लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं. पुढे तिनं ते जमवायचं सोडून दिलं आणि त्याचं फारसं वाईटही वाटून घेतलं नाही. एका खोलीचं घर, खिडकीत चार कुंड्या, आणि दोन गल्ल्या सोडून भाऊ-भावजय. तिला पुरेसं होतं.

बाळ्या बस डेपोत पत्र्याच्या कामाला लागला. ठोकाठोकी त्याच्या रक्तातच. त्याच्या बायकोची शाळेची व्हॅन होती. ती स्वतः चालवायची, आणि मागच्या पोरांच्या गोंगाटातही शांत राहायची. घरात आवाज बाळ्याचा, पण शब्द वहिनीचा, असं ताई म्हणे.

त्या घरात तिसरं माणूस म्हणजे गाडी. बाळ्यानं एक गाडी सुट्या भागांत मागवली होती. फायबरचं अंग वेगळं, खालचा सांगाडा म्हणजे चासी वेगळी, इंजिन जुन्या गाडीतलं, आणि बाकी सगळं खोक्यांतून. आपण घरी जोडायची. खोकी उतरली तेव्हा शेजारी विचारायचा, "काय बाळोबा, गाडी आणलीत की किराणा?" भाग पाठवणारी कंपनी मधेच बुडाली, कागदावरची चित्रं आणि हातातले भाग जुळेनात, तरी बाळ्यानं हट्ट सोडला नाही. कित्येक वर्षं संध्याकाळ झाली की तो शेडमध्ये. शेवटी ती उभी राहिली. दोन माणसांची, बुटकी, बाटलीहिरवी, आणि सुरू झाली की घसा खाकरणारी. वहिनी म्हणायची, "सवत आणलीय यांनी. फरक इतकाच, की हिला फडकं मीच मारते."

पण फडक्यापलीकडे कुणी त्या गाडीला हात लावायचा नाही. मदत करायला गेलं तर बाळ्या म्हणायचा, "बॅटरी धर, उजेड पाड." ताईनं आयुष्यात त्या गाडीसाठी केलेलं काम म्हणजे बॅटरी धरणं. म्हणून एका सकाळी फोनवर तो "ताई, येतेस का? पुढची काच काढायचीय," असं म्हणाला, तेव्हा तिला नवलच वाटलं.

"काच कशाला काढायची?"

"धुरकट झालीय. समोरचं नीट दिसत नाही."

ती गेली तेव्हा वहिनी शाळेची सहल घेऊन गेली होती. शेडचं दार सताड उघडं होतं आणि गाडी अर्धी उन्हात, अर्धी सावलीत उभी होती. बाळ्यानं वायपर आधीच उतरवले होते, काचेभोवतीच्या रंगाला कागदी पट्टी चिकटवली होती, आणि बाजूला जमिनीवर जुनी गोधडी अंथरली होती. त्यानं तिला चष्मा दिला, जाड हातमोजे दिले.

"बसच्या काचेचं बरं असतं," तो म्हणाला. "रबरात बसवलेली असते. रबर ओढलं की काच हातात. ही गमानं चिकटवलीय. आणि मी गम घातलाय दुप्पट. म्हटलं, पूर आला तरी थेंब आत येता कामा नये."

"मग येत नाही ना?"

"येतो. गुडघ्यावर."

ताई आत जाऊन बसली आणि काचेतून बाहेर बघितलं. समोरच्या भिंतीवर एक मांजर ऊन खात होतं. त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या.

"बाळ्या, कुठे रे धुरकट आहे?"

"अशी नाही कळत. उजेड समोरून आला की बघ."

उजेड समोरूनच येत होता. तिनं डोकं इकडून तिकडून हलवून बघितलं. खालच्या कडेला जरा डाग होता, बाकी काच लख्ख. "मला तर काही—"

"तुला काचेतलं काय कळतंय," तो म्हणाला, आणि तिनं हातमोजे चढवले. गाडीच्या बाबतीत त्याच्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानं बाहेरून टोच्यानं गमात एक भोक पाडलं आणि पिळाची बारीक तार आत सरकवली. आतलं टोक ताईनं ओढून घेतलं. दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांधल्या. आता एकानं आतून ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं, मग बाहेरच्यानं ओढायचं. दोघांनी मिळून झाड कापायची करवत चालवावी तसं. तार गमातून फिरत पुढे सरकते आणि काच कडेनं सुटत जाते. जिथे सुटेल तिथे लाकडाची छोटी पाचर घालायची, नाहीतर गम पुन्हा मिठी मारतो.

सुरुवातीला सूर लागेना. दोघं एकदमच ओढायचे.

"मी ओढते तेव्हा तू सोड."

"मी सोडतोच आहे. तू हिसके मारतेस."

"मी आयुष्यात कुणाला हिसका मारलेला नाही. तार तापली बघ. पाणी मार."

साबणाचं पाणी शिंपडल्यावर तार जरा मऊ चालायला लागली. हळूहळू हात जुळले. वरची कड निघाली, एक बाजू निघाली. काळ्या गमाचे बारके तुकडे ताईच्या मांडीवर पडत होते. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो. मधे वीतभर अंतर, आणि किती तरी वर्षांत ती इतक्या जवळून इतका वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. मिशा पांढऱ्या झालेल्या, कपाळावर घाम, आणि काम करताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरायची ती लहानपणची खोड अजून तशीच.

खालच्या कोपऱ्यात तार अडली. तिथे गम बोटभर जाड होता. ताईनं एका हातानं मूठ धरली आणि दुसऱ्या हातानं तारेचा वेढा सोडवायला घेतला. त्याच क्षणी बाहेरून ओढ बसली आणि तिचं बोट तार आणि चौकटीच्या मधे आलं. तिनं मोकळा तळवा काचेवर ठेवला, त्याच्या अगदी तोंडासमोर. थांब.

तो तिच्याकडेच बघत होता. आणि त्यानं ओढलं.

"थांब," ती ओरडली. तो थांबला. हातमोजा जाड होता म्हणून बोट वाचलं, नुसता वळ उठला.

"काय झालं?"

"काही नाही. तार अडकलीय. थांब जरा."

तो थांबला. मूठ हातात धरून, चेहरा तिच्याकडे करून, शहाण्या मुलासारखा. ताईनं बोट चोळलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. मग तिनं एक वेडेपणा केला. तिनं त्याला जीभ काढून दाखवली. लहानपणी जेवताना, आबांची पाठ वळली की दाखवायची तशी, लांब, डोळे फिरवून. ताईनं जीभ दाखवावी आणि बाळ्यानं परत दाखवू नये, असं आजवर झालं नव्हतं. त्याच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

तो तसाच उभा राहिला. "निघाली का तार?" त्यानं विचारलं.

ताईनं जीभ आत घेतली. एवढ्या वर्षांत तिनं एक गोष्ट अंगी बाणवली होती. टेबलावर माणूस असताना आपला चेहरा आणि आवाज बदलू द्यायचा नाही.

"निघाली," ती म्हणाली. "आता मी सांगते तसं कर. मी 'ओढ' म्हटलं की ओढ, 'सोड' म्हटलं की सोड."

"कशाला? जमतंय की."

"मला दम लागतो. म्हणत राहिलं की बरं पडतं."

मग ती म्हणत राहिली. ओढ. सोड. ओढ. सोड. पाळण्याला झोका द्यावा त्या लयीत. त्याच्याकडे न बघता ती सगळं बघत होती. पाचर घालताना तो आधी बोटानं फट चाचपत होता. पाण्याची बाटली कुठे ठेवली ते हात फिरवून शोधत होता. आणि हे सगळं इतक्या सफाईनं, की कुणी मुद्दाम बघितल्याशिवाय कळू नये. म्हणजे हे आजचं नव्हतं.

शेवटचा कोपरा सुटताना टक्कन आवाज झाला. दोघं जागीच थिजली. ताईनं वाकून बघितलं. "तांदळाएवढा टवका उडालाय. काचेच्या कडेच्या पट्टीखाली झाकला जाईल. पुढे चिरलेली नाही."

"नक्की?"

"नक्की."

काचवाल्याकडून त्यानं मूठ असलेल्या दोन रबरी वाट्या आणल्या होत्या, काचेला दाबून चिकटवायच्या. दोघांनी एकेक धरून काच उचलली. ताई म्हणाली, "मी मागे सरकते, तू माझ्याबरोबर ये. आता पायरी आहे."

"मला माहीत आहे पायरी कुठे आहे. माझं घर आहे."

"तुझंच आहे रे बाबा," ती म्हणाली, आणि तो पाय टेकवेपर्यंत थांबली.

काच गोधडीवर आडवी झाली. जिथे ती बसवलेली होती त्या लोखंडी चौकटीत खालच्या बाजूला गंज फुगून आला होता. पाणी तिथूनच येत होतं. ताई काही बोलणार, तेवढ्यात बाळ्या हात पुसत गाडीत जाऊन बसला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघितलं.

गल्लीत मुलं चेंडू खेळत होती. कुणीतरी सायकल पुसत होतं. मांजर अजून भिंतीवरच होतं. बाळ्या बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं एक हात उचलला आणि मोकळ्या चौकटीतून बाहेर काढला. हवेत इकडून तिकडे फिरवला, आणि सावकाश आत घेतला.

"ताई."

"हं."

"काच काढली ना आपण?"

"काढली रे."

ताई फिरून दुसऱ्या बाजूला गेली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. वारा सरळ तोंडावर येत होता. तिनं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि वाट बघितली.

"मला खरंच वाटलं, काचच आहे म्हणून," शेवटी तो म्हणाला. "चष्मा पुसून बघितला, काच पुसून बघितली. रात्री दिव्यांभोवती कडी दिसायला लागली तेव्हासुद्धा म्हटलं, काचेला तेल लागलं असेल. मागे गेटच्या खांबाला गाडी घासली ना, तेव्हा हिला सांगितलं, ब्रेक सैल झालाय."

"आणि तिला ते पटलं?"

"ती काही बोलली नाही. आबांसारखं होणार, ताई. आठवतं ना, शेवटी भिंत धरून धरून चालायचे. ताट समोर ठेवलं की आधी कडा चाचपायचे. मी आताशा तसंच करतो. तसंच."

आबांना कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं, आणि त्यात ताईही होती. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आबांच्या वेळी आपण अडाणी होतो," ती म्हणाली. "उद्या दाखवायला जाऊ."

"उद्या नको. आधी चौकट घासून—"

"बाळ्या."

"बरं. पण हिला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. तू सांगशील."

वहिनी आली ती दमून, केसांत धूळ घेऊन. बिनकाचेची गाडी तिनं बघितली आणि चहा टाकला. तीन कप आणले आणि बाळ्याचा कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवताना कपाच्या कानाचा त्याच्या बोटांना हलकेच स्पर्श करून दिला. ते ताईला दिसलं. याआधी किती वेळा दिसूनही लक्षात आलं नसेल कोण जाणे. बाळ्यानं घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं, खांबासकट.

वहिनीनं ऐकून घेतलं. "खांबाला घासली त्या दिवशीच मी ब्रेक बघितला होता," ती म्हणाली. "चांगला होता. मी रोज व्हॅन चालवते हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. दारातलं स्टूल हलवलं, जिन्यात मोठा दिवा लावला. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील." तिनं कप खाली ठेवला. "फार थांबले. चुकलंच माझं."

"तुझं नाही गं," ताई म्हणाली. तिघांनी चहा प्यायला. कुणीच कुणाकडे नीट बघत नव्हतं.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती आणि घाईत नव्हती. तिनं बाळ्याच्या डोळ्यांत औषध घातलं, हनुवटी टेकवायला लावली, दिवे दाखवले, बटण दाबायला लावलं. मग समोर बसवून सांगितलं. दोन दुखणी एकत्र होती. धुकं होतं ते मोतीबिंदूचं, ते ऑपरेशननं जाईल. पण त्यामागे काचबिंदूही होता. त्यानं कडेची नजर बरीच खाल्ली होती. गेलेली परत येणार नाही. उरलेली थेंब घालून राखायची, रोज, न चुकता, जन्मभर.

"काय म्हणालात दुसऱ्याला?" बाळ्यानं विचारलं.

"काचबिंदू."

बाळ्या ताईकडे वळला. "बघ. म्हटलं नव्हतं, काचेचंच काहीतरी आहे?"

डॉक्टरला यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण भाऊ-बहीण हसली, आणि वहिनी हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. डॉक्टरनं तिला सावकाश पाणी दिलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?" आबांचं सांगितल्यावर ती ताईला म्हणाली, "मग तुम्हीही बसा इथे."

"मी? मला मांजराच्या मिशा दिसतात लांबून."

"सुरुवातीला सगळंच दिसतं. बसा."

ताई बसली. आणि तिच्याही डोळ्यांत काचबिंदू निघाला, नुकता शिरकाव केलेला. काही गेलं नव्हतं अजून. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाली. परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना या वेळी बाळ्यानं तिचं कोपर धरलं. दोघांपैकी कोण कुणाला नेत होतं, ते मागून येणाऱ्या वहिनीलाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन नीट झालं. धुकं गेलं, आणि पट्टी काढल्यावर बाळ्यानं पहिली तक्रार काय केली, तर भिंतींचा रंग फार भडक आहे. पण कडेचं ते कडेलाच राहिलं. शेजारी येऊन उभं राहिलेलं माणूस त्याला वळल्याशिवाय दिसत नसे. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. तो एक आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. शेडचं दारही उघडलं नाही. वहिनीनं समजावलं नाही, ताईनंही नाही. मग एका सकाळी शेडमधून काचकागद घासल्याचा आवाज यायला लागला. तो गंज काढत होता, बोटांनी बघत बघत. पत्र्याचं काम त्याला तसंही डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त यायचं.

चौकट घासून झाली, रंगली, वाळली. काच पुन्हा बसवायला मात्र त्यानं काचवाल्याला बोलावलं आणि त्याच्याकडचाच गम वापरू दिला. काचवाला म्हणाला, "आधी कुणी चिकटवली होती? आमच्या अख्ख्या दुकानाचा गम घातला असेल." बाळ्या म्हणाला, "होता एक अतिशहाणा."

पहिल्या फेरीला वहिनी स्टिअरिंगवर बसली. बाळ्यानं शेजारच्या सीटवर बसून किल्ली तिच्या हातात दिली आणि लगेच सूचना सुरू केल्या. क्लच हलका आहे, दुसरा गिअर जरा दाबून टाक, वळणावर—

"अहो," वहिनी म्हणाली, "मी रोज दुसऱ्यांची पोरं नेते-आणते. एक नवरा नेता येईल मला."

गाडी दोनच माणसांची, म्हणून ताई दारात उभी राहिली. गाडीनं घसा खाकरला, गल्लीतून निघाली, कोपऱ्यावर वळली. वळताना बाळ्याचा हात खिडकीबाहेर आलेला दिसला. मग आवाजही गेला.

ताईनं झाडू घेतला. शेडच्या फरशीवर अजून कुठे कुठे काळ्या गमाचे कण चिकटून बसले होते. ते झाडूला दाद देईनात, तेव्हा तिनं खाली बसून नखानं खरवडले. मग हात धुऊन पिशवीतली थेंबांची बाटली काढली. सकाळचे थेंब राहिले होते. मान मागे टाकली, बाटली धरली, आणि थेंब गालावर पडला. दुसरा कपाळावर. ती स्वतःशीच पुटपुटली, बाटलीला झाकण लावलं आणि पायरीवर येऊन बसली. येतील दोघं, घालेल कुणीतरी. ऊन चांगलं पडलं होतं. गाडीचा आवाज येतो का, म्हणून ती कान देऊन बसून राहिली.